सरकारी बंदी आणि होस्टिंग कंपनीचे कर्तव्य

एखाद्या संकेतस्थळावर सरकारने बंदी घातली, की चर्चा होते ती सरकार आणि लेखक या दोघांचीच. तो मजकूर ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ठेवलेला असतो, तिचा उल्लेख क्वचितच होतो. वस्तुतः बंदीचा फटका किती जणांना बसणार आणि बाधित व्यक्तीला दाद मागता येणार की नाही, हे पुष्कळदा याच कंपनीच्या वागणुकीवर ठरते. होस्टिंग कंपनी आपल्या ग्राहकांचे काय देणे लागते, याचा हा आढावा.

११ जुलै २००६ रोजी सायंकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या उपनगरी गाड्यांमध्ये लागोपाठ सात बॉम्बस्फोट झाले. दूरध्वनी लागेनासे झाले आणि घरी न पोहोचलेल्या आप्तांच्या चिंतेने शहर व्याकूळ झाले. अशा वेळी ‘मुंबई हेल्प’ नावाच्या ब्लॉगवर काही नागरिकांनी मदतीचे क्रमांक आणि चौकशीची माहिती एकत्र करण्यास सुरुवात केली. हा ब्लॉग ‘ब्लॉगस्पॉट’ या मोफत सेवेवर होता.

दोनच दिवसांनी, १३ जुलै रोजी, दूरसंचार विभागाने इंटरनेट सेवा पुरवठादारांना पत्र पाठवून सुमारे दीड डझन संकेतस्थळे आणि ब्लॉग बंद करण्यास सांगितले. यादीत मोजकेच पत्ते होते. परंतु ब्लॉगस्पॉटवरील एकच पान बंद करण्याची सोय अनेक पुरवठादारांकडे नव्हती, किंवा तेवढी तसदी त्यांनी घेतली नाही. त्यांनी संपूर्ण ब्लॉगस्पॉट आणि त्याबरोबर ‘टाइपपॅड’ व ‘जिओसिटीज’ या सेवाही बंद करून टाकल्या. यादीशी काडीचाही संबंध नसलेले हजारो ब्लॉग भारतात दिसेनासे झाले. त्यांत ‘मुंबई हेल्प’ही होता. त्याच वर्षी पाकिस्तानात ब्लॉगस्पॉटवर बंदी आली असता तेथील वाचकांसाठी ‘पीकेब्लॉग्ज’ नावाची पळवाट तयार करण्यात आली होती. आता भारतीय वाचक तिचा आधार घेऊ लागले. ओरड झाल्यावर दूरसंचार विभागाने पुरवठादारांना खुलासा विचारला आणि बंदी यादीपुरतीच ठेवण्यास बजावले.

या प्रकरणात सरकारने आदेश काढला आणि पुरवठादारांनी तो प्रमाणाबाहेर राबवला. परंतु ज्यांचे ब्लॉग बंद झाले, त्यांना ‘का’ आणि ‘कोणाच्या आदेशाने’ हे अधिकृतपणे कोणीच सांगितले नाही. ही उणीव भरून काढणे हे कोणाचे काम, हा या विषयाचा गाभा आहे.

होस्टिंग कंपनी म्हणजे कोण?

वाचक आणि संकेतस्थळ यांच्यामध्ये साधारणपणे दोन प्रकारच्या कंपन्या उभ्या असतात. वाचकाच्या घरापर्यंत किंवा मोबाइलपर्यंत इंटरनेटची जोडणी आणते ती सेवा पुरवठादार कंपनी. मजकूर, छायाचित्रे आणि माहितीसाठा आपल्या सर्व्हरवर सांभाळते ती होस्टिंग कंपनी. पहिलीचे ग्राहक वाचक असतात, तर दुसरीचे ग्राहक लिहिणारे आणि प्रसिद्ध करणारे. ब्लॉगसेवा, मोफत पाने देणाऱ्या कंपन्या, संगणकाची जागा भाड्याने देणाऱ्या ‘क्लाउड’ कंपन्या, प्रोग्रॅमरांची सामाईक भांडारे हे सारे दुसऱ्या प्रकारात मोडतात.

भारताच्या माहिती तंत्रज्ञान कायद्यात ‘मध्यस्थ’ या संज्ञेची जी व्याख्या आहे, तिच्यात वेब होस्टिंग सेवा देणाऱ्यांचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजेच कायद्याच्या दृष्टीने होस्टिंग कंपनी ही निव्वळ जागा भाड्याने देणारी तिऱ्हाईत नव्हे. तिला काही संरक्षण आहे आणि काही बंधनेही आहेत.

शेजाऱ्यांना फटका का बसतो?

बंदी घालण्याच्या तांत्रिक पद्धती प्रामुख्याने तीन आहेत. पहिलीत संकेतस्थळाच्या नावाचे सर्व्हरच्या क्रमांकात रूपांतर करणाऱ्या यंत्रणेला चुकीचे उत्तर देण्यास सांगितले जाते. दुसरीत सर्व्हरचा क्रमांक, म्हणजे आयपी पत्ता, अडवला जातो. तिसरीत वाचक नेमके कोणते पान मागतो आहे हे तपासून तेवढेच पान रोखले जाते.

एका आयपी पत्त्यावर शेकडो, कधी हजारो संकेतस्थळे नांदत असतात. त्यामुळे पत्ता अडवला की चाळीतील एका भाडेकरूसाठी अख्ख्या चाळीचा दरवाजा बंद होतो. तिसरी पद्धत सर्वांत नेमकी. परंतु आज बहुतेक संकेतस्थळे ‘एचटीटीपीएस’ या कूटबद्ध मार्गाने चालतात. त्यामुळे वाचक कोणत्या संकेतस्थळावर गेला हे पुरवठादाराला बहुधा कळते, कोणते पान उघडले हे कळत नाही. परिणामी पुरवठादारापुढे संपूर्ण संकेतस्थळ बंद करणे किंवा काहीच बंद न करणे, एवढेच दोन मार्ग उरतात. नेमके एक पान रोखण्याची क्षमता उरते ती फक्त होस्टिंग कंपनीकडे. म्हणूनच २००६ च्या तुलनेत आज या कंपन्यांवरील सरकारी दबाव वाढला आहे आणि त्याबरोबर त्यांची जबाबदारीही.

याचे सर्वांत मोठे उदाहरण रशियातले. एप्रिल २०१८ मध्ये तेथील नियामक ‘रोसकोम्नाद्झोर’ने ‘टेलिग्राम’ ही संदेशसेवा बंद करण्यासाठी ॲमेझॉन आणि गुगल यांच्या क्लाउडचे दीड कोटीहून अधिक आयपी पत्ते अडवले. टेलिग्राम बऱ्याच अंशी सुरूच राहिले. त्याच क्लाउडवर असलेले असंबंधित व्यवसाय मात्र कोलमडले. जून २०२० मध्ये ही बंदी उठवण्यात आली.

भारतातील कायदा काय सांगतो?

संकेतस्थळ बंद करण्याचा केंद्र सरकारचा मुख्य अधिकार माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ मध्ये आहे. देशाचे सार्वभौमत्व व अखंडता, संरक्षण, राज्याची सुरक्षितता, परराष्ट्रांशी मैत्रीचे संबंध, सार्वजनिक सुव्यवस्था आणि यांच्याशी निगडित दखलपात्र गुन्ह्याला चिथावणी, एवढ्याच कारणांसाठी तो वापरता येतो. आदेश न पाळणाऱ्या मध्यस्थाला सात वर्षांपर्यंत कारावास आणि दंडाची तरतूद आहे.

या कलमाखाली २००९ मध्ये नियम करण्यात आले. त्यानुसार विनंती एका समितीपुढे जाते. तिच्यात विधी, गृह आणि माहिती व प्रसारण या मंत्रालयांचे तसेच ‘सर्ट-इन’ या संस्थेचे प्रतिनिधी असतात. मजकुराशी संबंधित ‘व्यक्ती किंवा मध्यस्थ’ यांना नोटीस द्यावी आणि उत्तरासाठी किमान ४८ तास द्यावेत, असे नियम ८ म्हणतो. तातडीच्या प्रसंगी आधी बंदी आणि ४८ तासांच्या आत समितीपुढे प्रकरण, अशी मुभा नियम ९ देतो. नियम १६ मात्र विनंत्या, तक्रारी आणि कारवाई याबाबत कडक गोपनीयता पाळण्यास सांगतो.

२४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘श्रेया सिंघल’ खटल्यात कलम ६६-अ रद्द केले. पालघर येथील दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरील मजकुरावरून झालेली अटक हे या याचिकेमागील निमित्त होते. त्याच निकालात कलम ६९-अ मात्र वैध ठरले. ते वैध ठरवताना न्यायालयाने नियमांतील संरक्षणांवर भर दिला : कारणे लेखी नोंदवली पाहिजेत, जेणेकरून त्यांना उच्च न्यायालयात रिट याचिकेद्वारे आव्हान देता येईल; आणि मजकुराचा मूळ कर्ता ओळखता येत असेल तर केवळ मध्यस्थाचे नव्हे, त्याचेही म्हणणे ऐकून घ्यावे.

अडचण आहे ती ‘किंवा’ या शब्दात. मूळ कर्ता सापडला नाही असे म्हणून केवळ मध्यस्थाला कळवले आणि मध्यस्थ गप्प बसला, तर कर्त्याला आदेशाची गंधवार्ताही लागत नाही. ज्याला आदेशच ठाऊक नाही तो न्यायालयात कशाला आव्हान देणार? याच नियमांना आव्हान देणाऱ्या याचिकेवर मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राला नोटीस बजावली.

येथेच होस्टिंग कंपनीचे स्थान लक्षात येते. तिच्याकडे ग्राहकाचा ई-मेल, बहुधा दूरध्वनी क्रमांक आणि पैसे भरल्याची नोंद असते. सरकारचा आदेश तिला मिळाला, तर आदेश आणि ग्राहकाचा पत्ता या दोन्ही गोष्टी हाती असलेला घटक तीच असतो. तिने मौन धरले तर अपिलाचा हक्क कागदावरच राहतो.

पहिले कर्तव्य : आदेश तपासणे

मजकूर उतरवण्याची प्रत्येक सूचना म्हणजे आदेश नव्हे. सूचना कोणत्या अधिकाऱ्याने, कोणत्या कलमाखाली, कोणत्या नेमक्या पत्त्याबद्दल दिली आहे, हे पाहणे कंपनीचे पहिले काम. श्रेया सिंघल निकालाने कलम ७९ चा अर्थ लावताना स्पष्ट केले, की मध्यस्थाला बंधनकारक ठरते ती न्यायालयाच्या आदेशाची किंवा सरकारच्या अधिसूचनेची माहिती. कोणाही खासगी व्यक्तीचे धमकीचे पत्र नव्हे.

सूचना अवैध किंवा अवास्तव व्यापक वाटली, तर नकार देण्याची अथवा न्यायालयात जाण्याची तयारीही यात येते. सप्टेंबर २००३ मध्ये मेघालयातील एका फुटीर संघटनेशी संबंधित ‘किनहून’ हा याहू ग्रुप बंद करण्यास सरकारने सांगितले होते. याहूने ते मानले नाही. त्यानंतर पुरवठादारांना आदेश गेले आणि भारतात संपूर्ण याहू ग्रुप्स सेवाच काही दिवस बंद पडली. एका गटाच्या मोजक्या सदस्यांसाठी असंख्य असंबंधित गटांची गैरसोय झाली. नकार देणाऱ्या कंपनीने आपल्या बाकीच्या ग्राहकांचा विचार आधीच केलेला असावा, हा त्यातील धडा. न्यायालयातही यश हमखास नसते : काही आदेशांना आव्हान देणारी ट्विटरची याचिका कर्नाटक उच्च न्यायालयाने ३० जून २०२३ रोजी फेटाळली आणि कंपनीला ५० लाख रुपयांचा दंड ठोठावला.

दुसरे कर्तव्य : कळवणे

कायद्याने स्पष्ट मनाई नसेल तेथे कंपनीने ग्राहकाला तत्काळ कळवावे : आदेश कोणाचा, कोणत्या कलमाखाली, कोणत्या पानाबद्दल, कोठे लागू आणि दाद कोठे मागायची. शक्य असेल तर आदेशाची प्रतही द्यावी. मनाई असल्यास निदान ‘कायदेशीर आदेशामुळे हे पान उपलब्ध नाही’ इतके सांगता येते. त्यासाठी ‘४५१’ हा खास सांकेतिक क्रमांक २०१६ मध्ये प्रमाणित झाला. रे ब्रॅडबरी यांच्या ग्रंथदहनावरील कादंबरीच्या नावातून तो घेतलेला आहे. ‘पान सापडले नाही’ हा संदेश वाचकाची दिशाभूल करतो. ‘पान अडवले आहे’ हा संदेश त्याला वस्तुस्थिती सांगतो.

कळवण्याची साखळी तुटली की काय होते, हे ऑगस्ट २०१७ मध्ये दिसले. हिंदी चित्रपटांच्या चोरट्या प्रतींविरुद्ध मद्रास उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांच्या यादीत जुनी संकेतस्थळे जपून ठेवणाऱ्या ‘इंटरनेट अर्काइव्ह’चाही समावेश झाला आणि ते भारतात बंद पडले. आपल्याला आधी कोणीही कळवले नव्हते, असे त्या संस्थेने सांगितले. मोठ्या संस्थेची ही गत, तर एकट्यादुकट्या ब्लॉगलेखकाची काय कथा!

तिसरे कर्तव्य : बंदी किमान ठेवणे

आदेश पाळायचाच असेल तर तो एका पानापुरता आणि एका देशापुरता पाळावा. २०१२ च्या आरंभी गुगलने ब्लॉगर सेवेतील भारतीय वाचकांना ‘.इन’ या देशनिहाय पत्त्याकडे वळवण्यास सुरुवात केली. एका देशातील आदेशामुळे उतरवलेला मजकूर अन्य देशांत दिसत राहावा, हा त्यामागील एक हेतू होता. डिसेंबर २०१४ मध्ये रशियाने ‘गिटहब’ हे प्रोग्रॅमरांचे भांडार बंद केले, तेव्हा गिटहबने वादग्रस्त पाने केवळ रशियापुरती अडवली आणि सरकारी नोटिसा सर्वांना पाहता येतील अशा जागी ठेवल्या.

त्याच महिन्यात भारतातही ३२ पत्त्यांची एक यादी निघाली. इसिसच्या प्रचाराच्या तपासात मुंबईच्या दहशतवादविरोधी पथकाने केलेली मागणी तिच्या मुळाशी होती. यादीत गिटहबचा एक भाग, ‘व्हिमिओ’, ‘डेलीमोशन’, ‘वीब्ली’ अशा सर्वसामान्य सेवा होत्या. तपासास सहकार्य करण्याची हमी मिळाल्यावर जानेवारी २०१५ मध्ये यांपैकी चार सेवांवरील बंदी उठवण्यात आली. कंपनी सरकारशी वेळेवर बोलली तर तिच्या निरपराध ग्राहकांची सुटका लवकर होते, हे यातून दिसते. त्या हमीपोटी कंपनीने काय काय मान्य केले, हे कळण्याचा हक्कही त्या ग्राहकांचाच असतो.

शेजाऱ्यांच्या हक्काला न्यायालयीन मान्यता मिळाली ती युरोपात. तुर्कस्तानातील एका न्यायालयाने २००९ मध्ये एका संकेतस्थळासाठी संपूर्ण ‘गुगल साइट्स’ सेवा अडवली. आपला शैक्षणिक मजकूर तेथे ठेवणाऱ्या अहमत यिल्दिरिम यांचा त्या खटल्याशी काहीही संबंध नव्हता. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १८ डिसेंबर २०१२ रोजी निकाल दिला, की या सरसकट बंदीमुळे त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भंग झाला.

चौथे कर्तव्य : मजकूर परत देणे

बंदी म्हणजे जप्ती नव्हे. पान लोकांना दिसू नये असा आदेश असला, तरी त्या पानाचा मालक लेखकच राहतो. खाते बंद करण्यापूर्वी ग्राहकाला आपला मजकूर, छायाचित्रे, ई-मेल आणि माहितीसाठा उतरवून घेण्यासाठी वाजवी मुदत मिळाली पाहिजे. उरलेल्या काळाचे भाडे परत मिळावे आणि डोमेन नेम दुसऱ्या कंपनीकडे नेण्यास आडकाठी नसावी. अनेक कंपन्यांच्या करारात ‘कोणतीही सूचना न देता, कोणत्याही कारणाने’ सेवा थांबवण्याचा हक्क राखून ठेवलेला असतो. सही करताना हे कलम कोणी वाचत नाही. अडचणीच्या दिवशी नेमके तेच पुढे केले जाते.

पाचवे कर्तव्य : नोंद ठेवणे, जाहीर करणे

ऑगस्ट २००७ मध्ये तुर्कस्तानात ‘वर्डप्रेस’ची सारी ब्लॉगसेवा बंद झाली, तेव्हा तिचे संस्थापक मॅट मुलेनवेग यांनी बंदीमागील वकिली पत्रच जाहीर केले. एका लेखकाची बदनामी केल्याचा आरोप असलेल्या काही ब्लॉगांसाठी लाखो ब्लॉग अडवल्याचे जगाला कळले. पुढे २०१० पासून गुगलने सरकारी मागण्यांची आकडेवारी नियमित प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली आणि इतर मोठ्या कंपन्यांनीही तो पायंडा उचलला. किती मागण्या आल्या, किती मानल्या, किती नाकारल्या, हे आकडे कोणाचेही गुपित न फोडता देता येतात.

युरोपीय संघाने यांतील बऱ्याच गोष्टी आता कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेल्या नाहीत. १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झालेल्या ‘डिजिटल सेवा कायद्या’च्या कलम ९ नुसार, सरकारी किंवा न्यायालयीन आदेशाची अंमलबजावणी करताना कंपनीने संबंधित ग्राहकाला आदेश, त्याची कारणे, भौगोलिक व्याप्ती आणि दाद मागण्याचे मार्ग कळवणे बंधनकारक आहे. भारतीय नियमांत होस्टिंग कंपनीवर इतक्या स्पष्ट शब्दांत असे बंधन नाही.

कंपनीच्या मर्यादा

होस्टिंग कंपनीकडून शौर्याची अपेक्षा करताना तिची बाजूही पाहिली पाहिजे. परदेशी बलाढ्य कंपनीला वकिलांची फौज परवडते. दहा-वीस माणसांच्या भारतीय कंपनीच्या चालकापुढे सात वर्षांच्या कारावासाची तरतूद असते आणि उत्तर द्यायला तास मोजून मिळतात. बंदी पुरवठादाराच्या पातळीवर झाली असेल, तर कंपनीला आदेश दिसतही नाही. ग्राहकांच्या तक्रारी आल्यावरच तिला सुगावा लागतो. शिवाय बालकांच्या लैंगिक शोषणाची चित्रे किंवा दंगलीला थेट चिथावणी अशा मजकुराबाबत आधी उतरवणे आणि मग बोलणे हेच योग्य ठरते. म्हणून प्रत्येक आदेशाविरुद्ध लढणे हे कंपनीचे कर्तव्य म्हणता येत नाही. ग्राहकाला स्वतः लढता यावे इतके करणे मात्र तिच्या आवाक्यात असते. कळवायला एक ई-मेल पुरतो, मजकूर परत द्यायला काही दिवसांची मुदत पुरते.

ग्राहकाने काय करावे?

संकेतस्थळ चालवणाऱ्या व्यक्तीने, संस्थेने किंवा छोट्या प्रकाशकाने पुढील काळजी घेतल्यास नुकसान कमी होते :

• डोमेन नेम आणि होस्टिंग शक्यतो वेगवेगळ्या कंपन्यांकडे ठेवावे आणि डोमेनची नोंद स्वतःच्या नावावर असल्याची खात्री करावी.

• संपूर्ण मजकुराचा बॅकअप नियमितपणे स्वतःकडे घ्यावा.

• करारातील सेवा थांबवण्याचे कलम वाचावे. सूचना आणि मुदत यांविषयी लेखी विचारणा करावी.

• कंपनीकडील आपला ई-मेल पत्ता चालू ठेवावा, कारण नोटीस आलीच तर तेथेच येणार.

• संकेतस्थळ दिसेनासे झाल्यास वेगवेगळ्या पुरवठादारांच्या जोडणीवरून तपासावे, पडद्यावरील संदेशाचे चित्र तारखेसह जपावे आणि कंपनीकडे लेखी खुलासा मागावा.

• आदेश असल्याचे कळल्यास त्याची प्रत मागावी. नकार मिळाल्यास उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे.

शेवटचा मार्ग निव्वळ पुस्तकी नाही. हुंड्याच्या प्रथेवर उपरोधिक टीका करणारे एक संकेतस्थळ २०१८ मध्ये भारतात बंद करण्यात आले. त्याच्या कर्त्याने दिल्ली उच्च न्यायालयात धाव घेतली. मे २०२२ मध्ये न्यायालयाने त्याला मूळ आदेशाची प्रत द्यावी आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे, असे निर्देश सरकारला दिले. गोपनीयतेच्या नियमाआडून कर्त्यालाच अंधारात ठेवता येत नाही, हे त्यातून अधोरेखित झाले. परंतु तेवढे कळायला त्याला चार वर्षे लागली.

बंदी योग्य की अयोग्य, हे ठरवणे न्यायालयाचे काम आहे. ते प्रकरण न्यायालयापर्यंत पोहोचण्यासाठी मात्र बाधित माणसाला आदेश कळावा लागतो. जुलै २००६ मध्ये ‘मुंबई हेल्प’ उघडू पाहणाऱ्याला कोरा पडदा दिसला होता. त्या कोऱ्या पडद्याच्या जागी आदेशाचे कलम आणि दाद मागण्याचा पत्ता देणे, हे होस्टिंग कंपनी आपल्या ग्राहकाचे किमान देणे लागते.